हाड मोडले, पण कशामुळे?

पहाटे उठून न्हाणीकडे जाताना घरातील वृद्ध आजींचा पाय घसरतो. उंबऱ्याशीच त्या खाली बसतात आणि पुन्हा उभ्या राहू शकत नाहीत. सातारा, कराड, सांगली, मिरज येथील कोणत्याही अस्थिरोग विभागाला हा प्रसंग नवा नाही. क्ष-किरण चित्रात मांडीच्या हाडाची मान मोडलेली दिसते, शस्त्रक्रिया होते आणि केसपेपरवर नोंद पडते, 'पडल्यामुळे फ्रॅक्चर'. ही नोंद खोटी नसते; मात्र ती अर्धीच असते. उभ्या उंचीवरून पडल्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही. ते मोडले असेल, तर आधीपासूनच ठिसूळ झाले होते काय, हा प्रश्न कागदावर यायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मान्य झाली. अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी आपल्याकडील कागदोपत्री वावर अजून दहावीचाच अधिक आहे. या वर्गीकरणात दुखापतीने मोडलेले हाड आणि आजाराने मोडलेले हाड यांची घरे वेगळी आहेत. मोटारसायकलवरून पडून मांडीच्या हाडाची मान मोडली, तर संकेतांक 'एस ७२.०'. तेच हाड अस्थिविरळतेमुळे, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमुळे मोडले, तर 'एम ८०'. कर्करोगाची गाठ हाडात उतरून ते मोडले, तर मूळ कर्करोगाचा संकेतांक आधी आणि फ्रॅक्चरचा 'एम ९०.७' त्याच्या जोडीला. अन्यत्र न बसणाऱ्या आजारजन्य फ्रॅक्चरसाठी 'एम ८४.४' आहे. हाड एकच आणि पुष्कळदा शस्त्रक्रियाही सारखीच, पण पुढचा उपचार निराळा. अस्थिविरळता लिहिली गेली, तर कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व आणि हाडे बळकट करणारी औषधे सुरू होतात. ती लिहिली गेली नाही, तर टाके काढून आजी घरी जातात आणि दुसऱ्या बाजूचे हाड तसेच ठिसूळ राहते. एक हाड मोडल्यानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत दुसरे मोडण्याचा धोका सर्वाधिक असतो.

संकेतांक देणारी व्यक्ती डॉक्टरांच्या मनातले ओळखू शकत नाही, आणि तिने तसे करूही नये. क्ष-किरण चित्रात हाडे विरळ दिसली, तरी डॉक्टरांनी कारण म्हणून आजाराचे नाव लिहिले नसेल, तर 'एम' अक्षराकडे वळण्याचा तिला अधिकार नाही. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आपली सुधारित दहावी आवृत्ती लागू केली. तिचा नियम स्पष्ट आहे. अस्थिविरळता ज्ञात असलेल्या रुग्णाचे हाड किरकोळ पडण्याने मोडले आणि तेवढ्याने निरोगी हाड मोडले नसते, तर संकेतांक आजाराचाच द्यायचा. सातव्या स्थानी आणखी एक अक्षर येते. त्यावरून उपचार चालू आहेत, हाड नीट जुळते आहे की जुळलेच नाही, हे कळते. गंमत अशी, की औषधनिर्माणशास्त्र, भौतिकोपचार किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेली आपल्याकडील मुले-मुली हे नियम तोंडपाठ करून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नोकरी करतात. अमेरिकेतील आजीचे हाड कशाने मोडले, हे त्यांना अचूक सांगता येते. गावाकडच्या आजीच्या कागदावर मात्र तो प्रश्न कुणी विचारतच नाही.

'एम ८०' च्या पोटविभागांत 'एम ८०.१' हा एक संकेतांक आहे. अंडाशय काढल्यानंतर उद्भवलेल्या अस्थिविरळतेने हाड मोडले, तर तो वापरायचा. सातारा-सांगलीच्या उसाच्या फडांत याला वेगळाच अर्थ येतो. दरवर्षी बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन येणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींची गर्भाशये काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली, तर स्त्री-संप्रेरके अकस्मात थांबतात आणि हाडांची झीज वेगाने सुरू होते. पुढे अशी एखादी स्त्री डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवरून घसरली, तर रुग्णालय काय लिहील? फळीवरून पडणे हे दुखापतीचेच चित्र, त्यामुळे बहुधा 'एस'. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत नेमके काय काढले, हे विचारून लिहिले तरच तिचे हाड त्या शस्त्रक्रियेशी जोडले जाण्याची शक्यता. नाही तर आकडेवारीत तो एक साधा अपघात. सांध्यांच्या दुखण्यावर वर्षानुवर्षे स्टिरॉइड घेतलेल्यांचेही असेच होते. त्यांच्यासाठी 'एम ८०.४' आहे, पण गोळ्यांचे नाव केसपेपरवर असायला हवे.

नोंदीची दुसरी बाजू पैशाची आहे, आणि ती अवघड आहे. आरोग्य विम्याच्या अर्जात रुग्णालयाने भरायच्या भागात संकेतांक मागितले जातात. रुग्णाला दुखापतीमुळे दाखल केले काय, हेही विचारले जाते. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस आजारावर भरपाई मिळत नाही, अपघातावर मिळते. वयोमानाने आलेल्या अस्थिविरळतेसाठी अनेक पॉलिसींत वेगळा प्रतीक्षाकाळ असतो. २०२४ च्या नियमांनुसार असा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा ठेवता येतो. म्हणजे खरे निदान लिहिल्याने नव्या पॉलिसीधारकाचा दावा अडू शकतो. 'पडल्याचेच लिहा ना, डॉक्टर,' ही नातेवाइकांची विनवणी त्यातूनच येते. ती समजण्यासारखी असली, तरी मान्य करण्यासारखी नाही. एकीकडे 'अपघात' आणि दुसरीकडे हाडांच्या घनतेचा उणे ३ चा अहवाल असे कागद एकाच फायलीत निघाले, की विमा कंपनी संपूर्ण दाव्यावरच संशय घेते. पडणे आणि आजार, दोन्ही खरे असतील तर दोन्ही लिहिणे हाच सुरक्षित मार्ग. वर्गीकरणात पडण्याच्या प्रकारासाठी 'डब्ल्यू' अक्षराचे स्वतंत्र संकेतांक आहेतच.

रुग्णालयातून निघताना नातेवाइकांनी डिस्चार्ज कार्डावरील निदानाची ओळ वाचून घ्यावी. हाड कोणते व कोणत्या बाजूचे, रुग्ण किती उंचीवरून पडला, हाड ठिसूळ होण्यामागे कोणता आजार आहे किंवा त्याचा शोध चालू आहे काय, एवढे तिथे हवे. गाठीचा संशय असल्यास शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेला तुकडा तपासणीला पाठवला काय, हेही विचारावे. तो अहवाल यायला काही दिवस लागतात. तोवर 'अहवाल प्रलंबित' असे लिहून घ्यावे आणि अहवाल हाती आल्यावर सुधारित निदानाचे कार्ड मागून घ्यावे.