जास्वंदीवरची पांढरी कीड : आधी ओळखा, मग फवारा

जास्वंद, क्रोटन, एक्झोरा, तगर ही बारमाही हिरवी झुडुपे रोपवाटिकेत वर्षभर खपतात. पण जाणते गिऱ्हाईक पैसे मोजण्याआधी पान उलटून पाहते. पानाखाली पांढरा कापूस दिसला की सौदा मोडलाच. म्हणून रोपांचा व्यापार करणाऱ्यांनी हे पान गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः उलटावे.

शेंड्यावर आणि पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले, तर ते पिठ्या ढेकूण. फांदीला चिकटलेल्या तपकिरी टिकल्या नखाने खरवडून निघाल्या, तर ती खवले कीड. कोवळ्या शेंड्यावर बारीक, मऊ किड्यांची दाटी असेल, तर तो मावा. या तिन्ही किडी झाडाचा रस शोषतात आणि चिकट द्रव सोडतात. त्यावर काळी बुरशी चढते. हा गोड द्रव खायला मुंग्या येतात व किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात. तेव्हा खोडावर मुंग्यांची रांग दिसली की शेंडा तपासावा.

येथे एक घोटाळा हमखास होतो. पुंजक्यांत पांढऱ्या झालरीची, मोठी आणि चपळ अळी फिरताना दिसते. तिलाही कीड समजून मारले जाते. वास्तविक ती क्रिप्टोलीमस या भुंग्याची अळी असून पिठ्या ढेकूण हेच तिचे अन्न आहे. हा भुंगा 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. कडक औषधाने हा फुकटचा राखणदार मरतो आणि मेणाच्या थराखालची कीड मात्र पुष्कळदा वाचते.

याचा धडा पपईवरील पिठ्या ढेकणाने दिला. ही परदेशी कीड भारतात 2008 मध्ये कोइमतूर येथे आढळली. पपईबरोबर ती जास्वंदीवरही पसरली आणि पुढे पुणे भागातही पोचली. नुसत्या फवाऱ्यांना ती दाद देईना. अखेर 2010 मध्ये पोर्टो रिकोहून असेरोफॅगस पपाई हा चिमुकला परोपजीवी कीटक आणून बंगळूरला वाढवण्यात आला. तो ठिकठिकाणी सोडल्यावर कीड आटोक्यात आली.

उपाय खर्चाचे नाहीत. बाहेरून आलेला माल दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. किडलेले शेंडे छाटून जाळावेत. पाण्याच्या जोरदार धारेने पुंजके धुवावेत व मुंग्यांचा बंदोबस्त करावा. त्यानंतर एक लिटर पाण्यात 5 मिलि निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. आधी दोन-चार रोपांवर प्रयोग करून पाहावा. राखणदार अळ्या असलेली झाडे फवाऱ्यातून वगळावीत. रासायनिक औषध अगदी शेवटी, तेही डब्यावरील सूचनेप्रमाणेच वापरावे.

किडके रोप खपवले तर चार पैसे आज मिळतील, पण कीड गिऱ्हाइकाच्या बागेत जाईल आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आपली पायरी चढणार नाही. आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहणे त्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.