शहराची आगगाडी : गर्दीच्या आधी की गर्दीनंतर?

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांच्या मनात एक शंका आली असेल. बीड शहराने आपली पहिली उतारू गाडी पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. अशा शहरात मुंबईच्या लोकलची नि पुण्याच्या मेट्रोची चर्चा कशाला? शंका रास्त आहे. पण तिचे उत्तरही सरळ आहे. आपल्या जिल्ह्यातले किती तरी संसार आज पिंपरी-चिंचवड, हडपसर, ठाणे, नवी मुंबई येथे उभे आहेत. आपली मुले ज्या गाडीच्या दारात उभी राहून कामावर जातात, ती गाडी कशी चालते, ती कोणी व कशासाठी बांधली आणि ती नेहमी अपुरीच का पडते, हे समजून घेणे आपले काम आहे. शिवाय या चर्चेतून खुद्द बीडने घेण्यासारखा एक धडा आहे; त्याकडे आम्ही शेवटी वळणार आहो.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करू. शहरातली रुळांवरची वाहतूक मुख्यतः तीन प्रकारची असते. रस्त्यातच रूळ टाकून इतर वाहनांबरोबर चालते ती ट्राम. लांब पल्ल्याच्या लोहमार्गावरच, पण थोड्या थोड्या अंतरावर थांबत, रोजच्या नोकरदारांना नेते-आणते ती उपनगरी गाडी, म्हणजे लोकल. आणि जिचा मार्ग सर्वस्वी वेगळा असतो, मग तो खांबांवरून जावो की जमिनीखालून, ती मेट्रो. मेट्रोच्या वाटेत मालगाडी येत नाही, मेलगाडीला वाट द्यावी लागत नाही, फाटक लागत नाही. म्हणून ती ठरल्या वेळी आणि लागोपाठ धावू शकते.

आता मुळातला प्रश्न असा की, शहराला रूळ हवेतच कशाला? रस्ते रुंद केले, बसगाड्या वाढवल्या, तर भागणार नाही काय? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. शहरातल्या रस्त्याचा एक पट्टा घ्या. चौक, सिग्नल, वळणे धरून त्यावरून तासाला ढोबळ मानाने हजारभर मोटारी जातील. मोटारीत सरासरी दीड माणूस धरले, तर दीड हजार माणसे झाली. त्याच पट्ट्यावर फक्त बसगाड्या सोडल्या, तासाला शंभर बसगाड्या आणि प्रत्येकीत साठ उतारू धरले, तर सहा हजार माणसे झाली. आता त्या जागी रूळ टाका. मुंबईची बारा डब्यांची लोकल गर्दीच्या वेळी चार हजारांवर माणसे नेते. दर तीन मिनिटांनी एक, म्हणजे तासाला वीस गाड्या सुटल्या, तर ऐंशी हजार माणसे एकाच मार्गावरून एकाच दिशेने जातात. दीड हजार कुठे आणि ऐंशी हजार कुठे! लाखो माणसांनी सकाळच्या दोन तासांत एकाच दिशेला जायचे असेल, तर रुळांना पर्याय उरत नाही.

रूळ इतके काम कसे करतात, त्याचेही कारण पाहू. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरताना घर्षण फार थोडे होते. रबरी टायर डांबरावर जितका अडतो त्याच्या मानाने ते नगण्यच. म्हणून थोड्या शक्तीत मोठा भार ओढला जातो. पण हाच गुण थांबताना अवगुण होतो. घर्षण कमी असल्यामुळे गाडी लवकर थांबत नाही. पुढची गाडी अचानक उभी राहिली, तर मागच्या गाडीला थांबण्यापुरते अंतर राखून ठेवावेच लागते. हे अंतर राखण्याचे काम सिग्नलयंत्रणा करते. तेव्हा ‘आणखी गाड्या का सोडत नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर नुसते डबे विकत घेण्यात नसते. ते सिग्नल, रूळ, फलाटाची लांबी आणि वीज यांच्यात असते.

विजेचीही गोष्ट अशीच आहे. हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, येथून कुर्ल्यास गेली. ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालली. दाब कमी असला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जास्त घ्यावा लागतो. कालव्याचा उतार कमी असला की पात्र रुंद करावे लागते, तसेच हे. त्यामुळे तारा जाड आणि वीजपुरवठ्याची उपकेंद्रे जवळजवळ ठेवावी लागतात, आणि गाड्या वाढवायच्या म्हटले की वीज अपुरी पडते. हा मार्ग २५,००० व्होल्टवर नेण्याचे काम मुंबईत पश्चिम रेल्वेवर २०१२ साली, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ साली आणि हार्बर मार्गावर २०१६ साली पुरे झाले. एकदा घालून दिलेली पद्धत बदलायला नव्वद वर्षे लागली!

आता इतिहासाकडे येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे आपण शाळेत शिकलो. ३४ किलोमीटरांचा प्रवास, चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे. पण ही गाडी मुंबईच्या नोकरदारांसाठी निघाली नव्हती. कंपनीची नजर घाटापलीकडच्या कापसावर होती. दख्खनचा कापूस बंदरात यावा आणि विलायती माल आत जावा, यासाठी ते रूळ होते. पुढे १८६७ साली दुसऱ्या कंपनीने विरारहून मुंबईस रोजची गाडी सुरू केली, आणि हळूहळू त्या कापसाच्या वाटांवरच माणसांची वस्ती वाढली. वस्तीसाठी रूळ आले नाहीत. रूळ होते तिकडे वस्ती गेली. मुंबई दक्षिणोत्तर अशी चिंचोळी वाढली, त्याला समुद्र जितका कारण तितकेच हे दोन लोहमार्गही कारण आहेत.

गिरणगावातला कामगार चाळीतून पायी गिरणीत जात असे. त्याला लोकलची गरज फारशी नव्हती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जागांचे भाव वाढले, आणि तो माणूस व त्याची मुले विरार, कल्याण, बदलापूर अशी दूर दूर फेकली गेली. काम मात्र पुष्कळसे दक्षिणेतच राहिले. स्वस्त पास नसता तर हे संसार कोसळले असते. लोकलने मुंबईचा गरीब माणूस तारला हे खरेच. पण त्याला दूर लोटणेही लोकलमुळेच सोपे झाले, हेही तितकेच खरे.

याची किंमत पैशांत मोजून भागत नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी गाडीतून पडून. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दारात लटकलेले उतारू खाली पडले आणि त्यांपैकी काही दगावले. त्यानंतर साध्या लोकलनाही आपोआप मिटणारी दारे बसवण्याचे ठरले. बंद दारांची पहिली वातानुकूलित लोकल डिसेंबर २०१७ मध्येच धावली होती. म्हणजे उपाय ठाऊक नव्हता असे नव्हे. गर्दी इतकी झाली होती की, दार मिटायलाही जागा उरली नव्हती!

विकसनशील देशांची हीच शोकांतिका आहे. लंडनला भुयारी गाडी १८६३ साली मिळाली, न्यूयॉर्कला १९०४ साली. त्यांची शहरे रुळांबरोबर वाढली. मेक्सिको शहराला मेट्रो लाभली ती १९६९ साली आणि कैरोला १९८७ साली. तोवर दोन्हीकडे लोकसंख्येचा पूर येऊन गेला होता. आपण तर हाती होते तेही टाकले. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची ट्राम चालत होती. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम गेली आणि रस्ते मोटारींना मोकळे झाले. कलकत्त्यात मेट्रोची कोनशिला १९७२ साली बसली, १९८४ साली पहिली गाडी धावली ती जेमतेम साडेतीन किलोमीटर, आणि पहिला मार्ग पुरा व्हायला १९९५ साल उजाडले. दिल्लीने हा घोळ टाळला. केंद्र आणि दिल्ली सरकार यांच्या समान भागीदारीचे स्वतंत्र महामंडळ काढून, निर्णयाचे अधिकार एका जागी आणून, त्यांनी २००२ साली पहिला मार्ग सुरू केला. आपल्या राज्यात मुंबईची पहिली मेट्रो २०१४ साली, नागपूरची २०१९ साली आणि पुण्याची २०२२ साली सुरू झाली.

उशिराचा दंड केवढा असतो, ते पाहा. मुंबईचा कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा भुयारी मार्ग साडेतेहतीस किलोमीटरांचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला तेव्हा त्याचा खर्च ३७,००० कोटी रुपयांच्या घरात गेला होता. म्हणजे एका किलोमीटरला अकराशे कोटी. उभ्या इमारतींच्या पायाखालून, विहिरी-गटारे चुकवीत भुयार खणायचे, तर खर्च यायचाच. आणि घाईत निवड चुकली तर तेही भोगावे लागते. चेंबूर-वडाळ्याची मोनोरेल २०१४ साली मोठ्या थाटात आली. चार डब्यांची, थोडी माणसे नेणारी ही गाडी गर्दीच्या वाटेवर नव्हतीच. ती उतारूंअभावी रडतखडत चालली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात सुधारणेसाठी थांबवावी लागली. नवे यंत्र म्हणजे योग्य यंत्र नव्हे. प्रथम माणसे कुठून कुठे जातात ते मोजावे, मग यंत्र निवडावे.

तर मग ‘आधी’ रूळ टाकल्याचे उदाहरण आपल्याकडे आहे काय? आहे, आणि ते नवी मुंबईचे आहे. सिडको हे महामंडळ १९७० साली स्थापन झाले. त्याने शहराच्या आराखड्यातच लोहमार्गाची जागा राखली. मानखुर्दहून खाडीवरून गाडी वाशीला १९९२ साली पोचली, पुढे ती पनवेलपर्यंत गेली. खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश वाटा सिडकोने उचलला, रेल्वेने एकतृतीयांश. सिडकोजवळ हा पैसा कुठून आला? जमिनीतून. स्टेशन आले की भोवतालच्या जमिनीचे मोल वाढते. ती वाढ दलालाच्या खिशात न जाता रुळांच्या कामी आली. स्टेशनांच्या डोक्यावर कचेऱ्या नि दुकाने बांधून त्यांचेही उत्पन्न धरले गेले.

पण या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. ती जमीन पंचाण्णव गावांच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांची होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांना लढावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी बळी गेले, आणि त्यानंतर विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. आधी नियोजन करणे शहाणपणाचे. परंतु ज्याची जमीन जाते त्याला वाढत्या मोलात भागीदार केले, तरच ते न्यायाचे.

आता बीडकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात परळी आणि घाटनांदूर येथे रूळ निजामाच्या राजवटीतच आले. पण जिल्ह्याचे ठाणे कोरडे राहिले. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरांचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला. तेव्हा खर्च होता सुमारे ३५३ कोटी. राज्याने निम्मा वाटा उचलूनही तो रखडत गेला आणि खर्च ४,८०० कोटींवर पोचला. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली, आणि तीन वर्षांनी बीडला. थोडा हिशेब करा : आजच्या वाढलेल्या दरानेही हा मार्ग किलोमीटरला अठरा-एकोणीस कोटींत होतो. मुंबईच्या भुयाराच्या एका किलोमीटरच्या पैशांत आपल्याकडचे साठेक किलोमीटर रूळ होतात. भुयार आणि माळ यांची बरोबरी होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्या भागात रोजगार नाही म्हणून माणसे महानगरात जातात, तिथे गर्दी होते आणि त्या गर्दीवर उपाय म्हणून भुयारे खणावी लागतात. ही साखळी जिथून सुरू होते तिथेच खर्च करणे अधिक शहाणपणाचे नाही काय?

बीडला मेट्रो पाहिजे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बीड अजून ‘आधी’च्या काळात आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे, आणि हा काळ फार थोडा असतो. या काळात करायची कामे छोटी आहेत. स्टेशनाकडे जाणारा रस्ता आजच पुरेसा रुंद राखावा. दुकाने बसल्यावर तो रुंद होत नाही. गाडी आणि एस. टी. यांच्या वेळा एकमेकींशी जुळवाव्यात, म्हणजे स्टेशनावर उतरलेला माणूस रिक्षावाल्याच्या दयेवर राहणार नाही. सकाळी कचेरी-कॉलेजच्या वेळेला येईल आणि संध्याकाळी परत नेईल अशी गाडी मागावी; खेड्यातला मुलगा घरी राहून शहरात शिकू शकतो तो अशाच गाडीमुळे. उद्याची उपनगरी गाडी म्हणतात ती हीच. आणि स्टेशनाभोवतालच्या जमिनीचे व्यवहार नगरपालिकेने व नागरिकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावेत. वाढणाऱ्या मोलाचा काही भाग गावाच्या पदरात पडावा, आणि मूळ शेतकरी रिकाम्या हाताने जाऊ नये.

रूळ एकदा पडले की शंभर वर्षे हलत नाहीत; गाव मात्र त्यांच्याभोवती हवे तसे किंवा नको तसे वाढत राहते. मुंबईला ही निवड करण्याची संधी मिळाली नाही. तिचे रूळ कापसासाठी पडले होते. आपले रूळ माणसांसाठी पडले आहेत. त्यांच्याभोवती गाव कसे वसवायचे, हे ठरवण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.