पन्नास वर्षांची जीप, वीस हजारांची पावती

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण. शुल्क २०,००० रुपये. मुदत १० वर्षं. नंतरच्या नोंदणीला ५,००० रुपये. कागदपत्रं बरोबर असतील तर ६० दिवसांत प्रमाणपत्र. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी जी भर पडली, तिचा सांगाडा एवढ्या आकड्यांत मावतो. आणखी एक आकडा या नियमांत नाही, तो गाडीच्या आरसी बुकात सापडतो: २,१९९ सीसी. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातली एखादी जुनी जीप व्हिंटेज म्हणून मिरवणार की भंगारात जाणार, याचा निकाल बहुतेक वेळा त्यावरच लागतो.

अमेरिकेत जुने शेव्हरोले, फोर्ड, डॉज पिकअप विकत घेऊन पुन्हा उभे करण्याचा नाद मोठा आहे. आपल्याकडेही अमेरिकन ट्रक आले होतेच. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि फार्गो निघाले. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली, तेव्हा ताफ्यात दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या आणि त्यांतली शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर ही तीन नावं अमेरिकन. पण हे ट्रक आणि बस झिजेपर्यंत चालवल्या गेल्या आणि मोडीत निघाल्या. सातपुड्याच्या पायथ्याला टिकली ती जीप.

जीपही अमेरिकनच. दुसऱ्या महायुद्धात विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. १९४७ मध्ये पुढे महिंद्रा अँड महिंद्रा झालेल्या कंपनीने विलिजच्या ७५ जीप सुट्या भागांत मागवल्या. १९५३ मध्ये अमेरिकेत सीजे-३बी हे मॉडेल आलं. उंच बोनेट, ८० इंचांचा व्हीलबेस, चार सिलिंडरचं ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन. अमेरिकेत १९६८ पर्यंत तिचे १,५५,४९४ नग निघाले आणि ती बंद झाली. महिंद्राने मात्र तोच साचा पुढे कित्येक वर्षं चालवला. त्याच घराण्यातली ‘रॉक्सर’ महिंद्राने अमेरिकेत नेऊन विकायला काढली, तेव्हा जीपच्या तिथल्या मालक कंपनीने तक्रार केली आणि २०२० मध्ये तिच्या विक्रीला मनाई झाली. नंतर तोंडवळा बदलून ती पुन्हा आली. अमेरिकेहून आलेला चेहरा अमेरिकनांनाच खुपला, असा हा प्रकार.

खरा पिकअप म्हणजे मागे हौद असलेली गाडी. विलिजने १९४७ ते १९६५ या काळात ११८ इंच व्हीलबेसचे दोन लाखांवर पिकअप बनवले, पण आपल्या भागात ते नावालाच. आपल्याकडचा त्यांचा नातलग म्हणजे महिंद्राची एफसी मालिका, एफसी-१५० आणि एफसी-१६०. बोनेट नाही, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसलेला, मागे हौद. हाही मूळचा विलिजचाच आराखडा. आणि इथेच नियमाचा पहिला खडा लागतो. व्हिंटेज नोंदणी दुचाकी आणि चारचाकीला आहे, पण फक्त खासगी वापराच्या. अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या दारातला पिकअप ही घरची गाडी असते. आपल्याकडे हौद दिसला की पासिंग मालवाहतुकीचं. त्यामुळे ५० वर्षं ओलांडलेला, पत्रा शाबूत असलेला एखादा एफसी सापडला, तरी त्याच्या कागदावर ‘मालवाहू’ लिहिलेलं असतं आणि अर्ज तिथेच अडतो. हौशी माणसाला हा नियम अन्यायाचा वाटतो, आणि माझ्या मते तो आहेच. जुन्या पिकअपची खासियत त्याच्या हौदात असते. तो कामाला लावला होता म्हणून त्याला वारशातून वगळायचं, यात तर्क दिसत नाही.

आता इंजिनाकडे वळू. हरिकेन इंजिनाचा बोअर ३ पूर्णांक १/८ इंच आणि स्ट्रोक ४ पूर्णांक ३/८ इंच. सिलिंडर झिजले की लेथवाला मिस्त्री ते घासून मोठे करतो आणि जाडे पिस्टन बसवतो. मिस्त्रींच्या बोलीत ‘वीस’, ‘चाळीस’ म्हणजे इंचाचे तितके हजारांश. चाळीसचा पिस्टन बसला की इंजिन सुमारे ५७ सीसीने वाढतं. आरसी बुकात २,१९९, प्रत्यक्षात २,२५६. याला कोणी फेरफार म्हणत नाही, म्हणूही नये, ती नेहमीची दुरुस्ती आहे. खरा फेरफार वेगळाच झाला: पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्याचा.

का बसवलं, ते हिशेबातच कळतं. जळगाव जामोदला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन नांदुरा. जाऊन-येऊन ५५ किलोमीटर धरा. जुनी पेट्रोल जीप लिटरला ७ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असं मानलं, तर एका फेरीचा खर्च सुमारे ८२५ रुपये. डिझेल इंजिन १२ किलोमीटर देतं आणि डिझेल ९२ रुपये धरलं, तर सुमारे ४२० रुपये. फरक ४०५ रुपयांचा. महिन्याला २५ फेऱ्या केल्या तर दहा हजारांच्या वर. म्हणजे आजचं व्हिंटेज शुल्क दोन महिन्यांच्या बचतीत निघतं! हे गणित ढोबळ आहे, पण त्या काळी दोन्ही इंधनांच्या दरातलं अंतर याहून मोठं होतं. शिवाय महिंद्राचा बी-२७५ ट्रॅक्टर गावोगाव होता, त्याच वंशाचं २,३५० सीसीचं डिझेल इंजिन जीपमध्येही येऊ लागलं होतं आणि त्याचे पार्ट तालुक्याच्या बाजारात मिळत. नंतर २,११२ सीसीचं प्यूजो डिझेल आलं. ज्याला जीपवर पोट भरायचं होतं, त्याने हरिकेन उतरवलं. त्याला दोष कसा द्यायचा?

व्हिंटेजचा नियम मात्र सांगतो की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. प्रवासी वाढावेत म्हणून ज्याने चेसिस कापून लांब केली, मागे आडव्या सीटा टाकल्या, डिझेल बसवलं, त्याने जीपला आणखी पंचवीस-तीस वर्षं जगवलं, आणि नेमकं त्याच कारणाने ती यादीतून बाद झाली. जी जीप जास्त राबली तिला वारशाचा मान नाही. जी बंगल्याच्या शेडमध्ये झाकून ठेवली, तिला आहे.

वयाची रेषाही कडक आहे. २०२६ मध्ये मोजलं तर १९७६ पर्यंत नोंदवलेलीच गाडी बसते. १९८५ च्या एमएम-५४०ला २०३५ उजाडेल. काळी-पिवळी म्हणून धावलेल्या, १९९० च्या दशकातल्या कमांडरचा विचारही २०४० नंतर, आणि त्यातली बरीचशी प्रवासी परवान्यावर चाललेली. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या क्लबांचा महासंघ ३० वर्षांची गाडी ऐतिहासिक मानतो. अमेरिकेत २५ वर्षांपुढची गाडी आयात करताना सुरक्षा मानकांतून सूट मिळते. आपली ५० ची अट म्हणजे जवळजवळ दुप्पट.

मग व्हिंटेज नोंदणीचा उपयोग तरी काय? साध्या खासगी चारचाकीला १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. २०२२ च्या आधी त्याचे ६०० रुपये लागत, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला १०,०००, जीएसटी वेगळा. म्हणजे दहा वर्षांचे दोन हप्ते धरले तर साधा मार्ग २०,००० आणि व्हिंटेजही २०,०००. बरोबरी! फरक पुढच्या दहा वर्षांना: व्हिंटेजला ५,०००, साध्याला पुन्हा २०,०००. पण व्हिंटेज गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर पडते. भाड्याने चालवणं तर सोडाच. मळ्यात जायला जीप हवी असलेल्या माणसाने म्हणून साधंच नूतनीकरण करावं. ज्याला गाडी फक्त जपायची आहे, त्याने व्हिंटेजकडे वळावं.

त्या मार्गावरची अडचण पैशांची कमी आणि कागदांची जास्त. बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. त्या काळातल्या गाडीचा मूळ नोंदीचा माग तीन सरकारांच्या दप्तरातून काढावा लागू शकतो. दुसरं, चेसिस नंबर. आरटीओत तपासणीआधी एजंट लोखंड पॉलिश पेपरने घासतो, वर कागद ठेवून पेन्सिल फिरवतो आणि अंकांचा ठसा उमटवून घेतो. पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्याने वर्षानुवर्षं धुतलेल्या गाडीचे हे अंक गंजून सपाट झालेले असतात, आणि ठसा उमटला नाही तर पुढचं काम थांबतं. ज्यांना जीप राखायची आहे त्यांनी चेसिस गोड्या पाण्यानेच धुवावी. आणि चालू नसलेली गाडी मोताळ्यापुढचा राजूर घाट चढवून बुलढाण्याला न्यायची, हे काम वेगळंच. सगळं जमलं तर नवी पाटी मिळते: राज्याची अक्षरं, मग ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार अंक. जिल्ह्याचा २८ त्यात राहत नाही.

तालुक्यात कुणाच्या वाड्यात, गोठ्यात १९७६ च्या आधीची खासगी पासिंगची जीप उभी असेल, तर आधी पेटीतलं जुनं आरसी बुक शोधा. उतरवलेलं पेट्रोल इंजिन कोपऱ्यात पडून असेल, तर त्यावरचा नंबर बुकाशी ताडून पाहा. नंबर जुळत असेल तर ते किलोच्या भावाने भंगारवाल्याला देऊ नका. चांगल्या मिस्त्रीला दाखवा आणि मगच डेंटिंग-पेंटिंगला हात घाला.