हात गेला, नकाशा राहिला

हात काढावा लागला तरी बहुतेकांना तो पुढे कित्येक वर्षे जागेवरच जाणवतो. बोटे आखडतात, तळव्याची आग होते. या ‘फँटम लिंब’चे एक स्पष्टीकरण १९९०च्या दशकापासून रूढ आहे. वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ मध्ये मेंदूवरचा स्पर्शाचा नकाशा मांडला. त्यात हाताच्या शेजारी चेहरा येतो. हात गेला की त्याची जागा चेहरा बळकावतो आणि त्यातून वेदना निर्माण होते, असे हे स्पष्टीकरण सांगते. आजचा पुरावा पाहता ते टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मेंदूशास्त्रज्ञ तामार मेकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन जणांच्या मेंदूचे स्कॅन हात काढण्याआधी घेतले आणि नंतर पाच वर्षांपर्यंत पुन्हा घेतले. २०२५ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. नसलेली बोटे हलवायचा प्रयत्न केला की मेंदूत पूर्वीचाच नकाशा उमटत होता. ओठांनी त्यात पाय पसरले नव्हते. तीनच माणसे, हा आक्षेप रास्त आहे. पण जुने अभ्यास हात गमावलेल्यांची तुलना धडधाकट लोकांशी करत. त्याच माणसाचा आधीचा नकाशा त्यांच्याकडे नव्हता. शिवाय त्यातला बराचसा पुरावा फक्त चेहऱ्याकडून काय येते ते मोजे. हाताचे काय उरले, हे विचारतच नसे.

माकडांचे काय, हा अधिक अवघड प्रश्न. टिम पॉन्स यांना १९९१ मध्ये माकडांच्या मेंदूत हाताच्या जागी चेहऱ्याच्या स्पर्शाला प्रतिसाद मिळाला होता, आणि ते निरीक्षण खरेच आहे. पण मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नीरज जैन यांच्या गटाने मज्जारज्जूला इजा झालेल्या माकडांत मस्तिष्कस्तंभातले हाताचे केंद्र तात्पुरते बधिर केले, तेव्हा हा प्रतिसाद नाहीसा झाला (२०१४). म्हणजे चेहऱ्याचे संदेश खालच्या पातळीवरच हाताच्या वाटेत शिरत होते. वरचा नकाशा नव्याने आखला गेल्याचा तो पुरावा ठरत नाही. गालाला स्पर्श केला की हात जाणवतो, हे व्ही. एस. रामचंद्रन यांचे निरीक्षणही नकाशा पुसल्याशिवाय संभवते.

हा वाद रुग्णाच्या दुखण्याशी थेट जोडलेला आहे. नकाशा बिघडलेलाच नसेल, तर तो ‘दुरुस्त’ करण्यासाठी आरशात शाबूत हात पाहत व्यायाम करवून घेण्याचा मूळ आधारच डळमळतो. वेदनेचे संदेश जिथून निघू शकतात, त्या कापलेल्या मज्जातंतूंकडे लक्ष वळायला हवे. ती टोके जवळच्या स्नायूच्या मज्जातंतूला जोडण्याची शस्त्रक्रिया आज उपलब्ध आहे. हात किंवा पाय काढण्याची वेळ आलीच, तर कापलेल्या मज्जातंतूंचे काय करणार, हे सर्जनला आधीच विचारा.