बाटलीवरची अक्षरे



गटसभेत पाण्याचा विषय निघाला की तो ठिबकपाशी सुरू होतो आणि आवर्तनापाशी संपतो. या खेपेस तो टेबलावरच्या बाटलीवरून निघाला. सटाण्याजवळच्या एका गावी सभेसाठी आणलेल्या बाटल्यांवर नाव मोठे, डोंगराचे चित्र झकास, पण परवाना क्रमांक कोठेच नाही. हे ध्यानात आले तोवर आम्ही निम्मी बाटली पिऊन बसलो होतो!

आपल्याकडे कुठल्याही बाटलीला 'मिनरल वॉटर' म्हणतात. खरे मिनरल वॉटर जमिनीतून जसे येते, त्यातले क्षार न बदलता भरलेले. आपण घेतो ते बहुतेक 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर', म्हणजे बोअरचे वा नळाचे पाणी गाळून, शुद्ध करून भरलेले. २००१ च्या मार्चपासून त्यावर आयएसआय शिक्का सक्तीचा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सक्ती उठली. आता पाहायचा तो एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक. सोबत भरल्याची तारीख, बॅच आणि भरणाऱ्याचा पत्ता. लग्नात येणाऱ्या गार पाण्याच्या उघड्या जारवर यातले काहीच नसते. गार म्हणजे शुद्ध नव्हे, एवढे ध्यानात ठेवा.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. २००३ साली दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने बाटल्या तपासल्या, तर त्यात कीटकनाशकांचे अंश निघाले. त्यात क्लोरपायरीफॉस होते. हो, तेच! वाळवीसाठी आपण उसाला वापरत आलो ते. त्यानंतर नियम कडक झाला: कोणतेही एक कीटकनाशक लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅमच्या वर चालणार नाही.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. २० टक्के क्लोरपायरीफॉसच्या एक लिटर बाटलीत सुमारे २०० ग्रॅम विष. ते सगळे पाण्यात उतरले, तर २०० कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरे. आकडा चुकला असे वाटून आम्ही तो दोनदा तपासला.

आणि ती रिकामी बाटली आपण कुठे टाकतो? विहिरीच्या कडेला, नाहीतर पाटात. तिथून आरम नदी कितीशी लांब?

याहून वाईट म्हणजे तणनाशकाचा रिकामा कॅन. तो धुऊन तोडणीवाल्यांच्या कोपीवर पिण्याच्या पाण्याला जातो. गेल्या हंगामात आम्ही स्वतः पाहिला, पिवळा त्रिकोण अजून अंगावर होता. पिवळा म्हणजे अतिविषारी. तोडणीवाल्याला ते वाचता येत नसेल, पण आपल्याला येते ना? शिवाय तो कॅन कितीही धुतला तरी पिण्याच्या कामाचा नाही.

तेव्हा औषध संपले की बाटली तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, बाटलीला भोके पाडा आणि विहीर-नाल्यापासून दूर ठेवा. आणि टोळी फडात उतरेल त्या दिवशी मुकादमाच्या हाती घरचा एक माठ द्या. चिटबॉयला आम्ही तसे सांगून ठेवले आहे, तो विचारील.