म्हशीनं खाल्लेल्या भाकऱ्या

परवा आमच्या भिशीत विषय निघाला. जिच्याकडे भिशी होती तिनं कोथिंबीर वडी केली होती आणि ती अशी काही जमली होती, की पहिली ताटली दोन मिनिटांत रिकामी! कुणीतरी म्हणालं, ''काही म्हणा, हाताला चव असावी लागते. ती वरूनच घेऊन यावी लागते.'' झालं, लगेच दोन पक्ष पडले. एकीकडे 'सुगरण जन्मावी लागते' म्हणणाऱ्या, दुसरीकडे 'छे गं, सवयीनं सगळं येतं, हल्ली मुलंसुद्धा मोबाइलवर बघून बिर्याणी करतात' म्हणणाऱ्या. वाद रंगला, वड्या संपल्या, चहा झाला. मी मात्र गप्प होते. या प्रश्नाशी माझा जुना हिशेब आहे आणि तो चहाच्या कपासोबत सांगून संपणारा नाही. म्हणून इथे लिहितेय.

१९८९ साली माझं लग्न झालं. माहेर पुण्याचं, सासर कऱ्हाडजवळच्या एका गावातलं. आमच्या सासूबाई पंचक्रोशीत सुगरण म्हणून नावाजलेल्या. कुणाकडे मुंज असो की बारसं, पुरण घाटायला आईंना बोलावणं ठरलेलं. हाताशी माप नाही, समोर घड्याळ नाही. मूठ आणि चिमूट एवढ्यावर शंभर माणसांचा स्वयंपाक. आणि मी? शिक्षण आणि नोकरी यांतून जेमतेम वरण-भात, पोळी, दोन-चार भाज्या एवढ्या शिदोरीवर बोहल्यावर चढलेली.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आमटी आली. घरात पाहुणे होते. यांच्या एका आत्यांनी एक भुरका घेतला, वाटी बाजूला सरकवली आणि हसत हसत म्हणाल्या, ''मुलगी गुणी आहे हो, पण हाताला चव नाही.'' सगळे हसले. मीही हसले. आत्या चार दिवसांनी आपल्या घरी गेल्या. ते वाक्य मात्र आमच्याकडेच राहिलं.

मग त्या वाक्याचा एक नियमच झाला. माझ्या हातून काही चांगलं झालं, की 'आज जमलं हो!' आणि बिघडलं, की 'हाताला चवच नाही, ती तरी काय करणार'. 'नाचता येईना अंगण वाकडं, रांधता येईना ओली लाकडं' अशी म्हण आहे ना आपल्याकडे? माझ्या बाबतीत लाकडं कधीच ओली नसायची, दोष थेट हाताचा. आईंच्या हातून क्वचित काही बिघडलंच, तर लाकडं खुशाल ओली असायची. डाळ जुनी होती, गूळच खारट होता, वगैरे.

अशा शिक्क्याचं काय होतं, तर माणूस शिकायचंच सोडून देतो. जे जन्मतः नाही, ते आता कुठून येणार? सुरुवातीला मी विचारायची. ''आई, मीठ किती?'' ''अंदाजानं.'' ''किती वेळ शिजवायचं?'' ''कळतं गं ते.'' मला काही कळायचं नाही. लग्नात मैत्रिणींनी 'रुचिरा' भेट दिलं होतं. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या या पुस्तकात मापं वाटी-चमच्याची, म्हणजे अगदी माझ्यासारखीसाठीच. पण 'पुस्तकात बघून करणारी ती कसली सुगरण' हे कानावर पडलं आणि पुस्तक कपाटात साड्यांच्या खाली गेलं. सणावाराला मी चिरायचं, किसायचं, वाटायचं काम करायची. पुण्यात आमच्या दोघांच्या संसारात रोजचं रांधत होते, पण ते डबे भरण्यापुरतं. चवीचं खातं माझ्याकडे नव्हतंच. २००८ मध्ये सासरे गेले, आई आमच्याकडे राहायला आल्या आणि स्वयंपाकघर आपोआप त्यांचं झालं.

एप्रिल २०२१ मध्ये करोनानं आमचं सगळं घर गाठलं. आई तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या. सुदैवानं घरच्या घरी निभावलं. पंधरा दिवसांनी त्या हट्टानं ओट्याशी उभ्या राहिल्या. मी बाहेरच्या खोलीत होते. करपल्याचा वास आला म्हणून धावत आत गेले, तर दूध उतू जाऊन पातेलं तळाला काळं पडत होतं आणि आई त्याच ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून शांतपणे कोथिंबीर निवडत होत्या. त्यांना वास आलाच नव्हता.

जिभेला खारट-गोड कळत होतं, पण वास साफ गेला होता. डोळे मिटून नाकाशी धरले तर धने कुठले नि जिरे कुठले, हे सांगता येईना. पदार्थाची म्हणून जी 'चव' आपण म्हणतो, तिच्यातला मोठा वाटा नाकाचा असतो, हे मला तेव्हा नीट समजलं. सर्दी झाल्यावर जेवण सपक लागतं, ते यामुळेच. आई दोन दिवस स्वयंपाकघरात फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ''माझ्या हाताची चव गेली गं.'' त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच पाणी पाहिलं.

आता स्वयंपाक माझ्याकडे आला आणि आई दाराशी स्टुलावर बसू लागल्या. खरी गंमत पुढेच आहे. आजवर ज्या गोष्टी नाकानं आणि हातानं होऊन जात, त्या आता त्यांना शब्दांत सांगाव्या लागल्या. मी नेहमीप्रमाणे मीठ घातलं. त्यांनी विचारलं, ''किती घातलंस?'' मी म्हटलं, ''चवीनुसार.'' त्या म्हणाल्या, ''कुणाच्या चवीनुसार? तू दाखव बरं चमच्यात.''

फोडणीला त्या कान द्यायच्या. ''मोहरीचं तडतडणं थांबत आलं का? आता हिंग. थांबू नकोस, हळद, आणि लगेच भाजी टाक, नाहीतर हळद जळून कडू होते.'' पुरणाचाही आवाज असतो, हे मला बत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. डाळीत गूळ पडला की आधी ते पातळ होऊन रटरटतं, मग आटत आलं की जड फदफद येते, आणि कालथा मधोमध उभा राहिला की झालं. ''म्हणजे हे 'कळतं' ते असं होय?'' मी म्हटलं. त्या हसल्या. म्हणाल्या, ''कुणी धड विचारलंच नाही गं.''

मी विचारलं होतं. पण बोलले नाही.

एकदा मी त्यांची परीक्षाच घेतली. वजनकाट्यावर त्यांना तूरडाळीच्या पाच मुठी टाकायला लावल्या. अठ्ठेचाळीस, पन्नास, एकोणपन्नास, पन्नास, अठ्ठेचाळीस ग्रॅम! माझ्या मुठी पस्तीसपासून साठपर्यंत कुठेही. मग कपाटातून 'रुचिरा' काढून त्यांना दाखवलं. पानं उलटत म्हणाल्या, ''या बाईंनी वाटी घेतली, मी मूठ घेते. मोजतो दोघीही.''

त्या दिवशी धीर करून विचारलं, ''आई, हे तुम्हाला लहानपणापासूनच येत होतं का हो?''

त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं. आईंचं माहेर चिपळूणकडचं. दोन्ही वेळा भात, भाकरी झालीच तर तांदळाची, तीही आजी करणार. १९५९ मध्ये सतराव्या वर्षी लग्न करून कुंभार्ली घाट चढून त्या सासरी आल्या, तेव्हा ज्वारीची भाकरी त्यांनी पहिल्यांदा पाहिली. आणि इथे तर रोजच्या तीस-चाळीस भाकऱ्या! ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते. गरम पाण्यानं ते बांधून घ्यावं लागतं, एकेका भाकरीपुरतं तळहातानं रगडून मळावं लागतं, नाहीतर थापताना काठ फाटतात. आईंची पहिली भाकरी उचलताना परातीतच दुभंगली. त्यांच्या सासूबाईंनी ती सगळ्यांना दाखवली.

''मग काय केलंत?''

''दुपारी सगळी निजली की मूठभर पीठ घेऊन गोठ्यात जायची. थापायची, मोडायची, परत मळायची, परत थापायची. तव्यावर टाकायची सोय नव्हती, वास सुटला असता. शेवटी तो गोळा म्हशीपुढे टाकायचा. सहा महिने माझ्या भाकऱ्या म्हशीनं खाल्ल्या बघ. त्या म्हशीशिवाय कुणाला ठाऊक नाही.''

मी खूप हसले. हसता हसता एकदम थांबले. म्हटलं, ''आई, मग आत्या माझ्याबद्दल ते बोलल्या, तेव्हा तुम्ही हे का नाही सांगितलंत?''

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ''त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच तर होतं. सगळे म्हणायचे, देवाची देणगी आहे. शिकलेय म्हटलं असतं, तर कुणीही शिकेल, असं झालं असतं. मग माझं काय राहिलं असतं?''

मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण तो सतरा वर्षांच्या त्या मुलीवर धरता येईना, जी दुपारच्या वेळी गोठ्यात एकटी बसून भाकरी थापत होती.

मग जन्मजात काहीच नसतं का? असतं की. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाला असं आढळलं, की पीटीसी नावाची एक पावडर काहींना जहाल कडू लागते आणि काहींना तिला चवच लागत नाही. हा फरक आनुवंशिक असतो. म्हणजे मेथीची भाजी एकाच पंगतीत एकाला जास्त कडू लागते नि दुसऱ्याला कमी, यात रांधणारीचा काही गुन्हा नसतो. पण हा फरक जिभांमधला झाला, हातांमधला नव्हे. आणि नाकसुद्धा शिकतं! आईंना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी वासाचा व्यायाम दिला होता. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, लक्ष देऊन हुंगायचे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा व्यायाम बारा आठवडे करवून घेतला होता, आणि बऱ्याच रुग्णांना त्याचा उपयोग झाला होता. एकोणऐंशीव्या वर्षी आई रोज देवपूजेनंतर चार बाटल्या घेऊन बसायच्या. तीन महिन्यांनी लवंग परत आली, मग लिंबू. कोथिंबीर मात्र अजून आलेली नाही.

मला वाटतं, आपण ज्याला हाताची चव म्हणतो ते बहुतेक वेळा लक्ष असतं, आणि मोजदाद नसलेला सराव असतो. दोन वेळचा स्वयंपाक धरला, तरी तीस वर्षांत एकवीस हजार नऊशे वेळा बाई ओट्याशी उभी राहते. गवयानं इतक्या बैठका केल्या तर आपण त्याला रियाज म्हणतो. लग्नातला आचारी आधी वर्षानुवर्षं भांडी घासतो, कांदे चिरतो, मग मोठ्या कढईपाशी पोचतो. तो कुणाच्या हाताखाली शिकला, हे लोक कौतुकानं विचारतात. घरातल्या बाईचे कष्ट मात्र 'देणगी' म्हणून खपतात. आणि जिला जमत नाही, तिला 'नाहीच ते तिच्यात' म्हणून कायमचं बाद केलं जातं.

शिवाय याच वाक्याआड पुरुषांची छान सुटका होते. 'तुझ्या हाताची चव माझ्या हाताला कुठली!' हे आमच्या यांचं आवडतं वाक्य. बोलायला गोड, आणि चहासुद्धा करायला नको. २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकाम करत होते त्यांचा ९७ मिनिटं. आणि असे पुरुष होतेच मुळी शंभरात सव्वीस. जन्मजात देणगीची वाटणी इतकी एकतर्फी कशी काय बुवा झाली?

२०२२ च्या होळीला सगळं पुरण आणि कटाची आमटी मी केली. आई स्टुलावर, पण त्या दिवशी त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. पंगतीत आत्याही होत्या, नव्वदीच्या. त्यांनी भुरका मारला, वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, ''अगं बाई, सूनबाईच्या हाताला चव आली की!''

आई शांतपणे म्हणाल्या, ''आली नाही वन्सं, तिनं आणली. माझ्यासारखीच.'' आणि मग सगळ्यांसमोर त्यांनी म्हशीची गोष्ट सांगितली.

हे आता निवृत्त झालेत. गेल्या महिन्यापासून त्यांनाही परातीपुढे बसवलंय. पहिल्या दिवशी भाकरी उचलताना मोडली, तर म्हणाले, ''बघ, माझ्या हाताला नाहीच ते.'' आई स्टुलावरून म्हणाल्या, ''पीठ रगड नीट. पाणी गरम घे.'' मी म्हटलं, ''आणि हो, आपल्याकडे म्हैस नाही. तेव्हा झाल्या भाकऱ्या तुम्हालाच खायच्यात.''

काल पाचवी भाकरी फुगली.