विश्लेषण : बोंडअळी, डार्विन आणि बायबल... उत्क्रांती मान्य केली की श्रद्धा सोडावी लागते का?

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याने डार्विन वाचलेला नसेल, पण उत्क्रांती त्याने कपाशीच्या बोंडात पाहिली आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातही तिच्यावर धडा आहे. तरीही ‘डार्विन खरा की देव?’ हा प्रश्न वर्गात, घरात आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुन्हा पुन्हा निघतो. ख्रिस्ती घरांतील विद्यार्थ्यांपुढे तो अधिक थेट येतो, कारण बायबलचे पहिलेच पुस्तक, ‘उत्पत्ति’, सहा दिवसांतील सृष्टिनिर्मितीने सुरू होते. मग चर्च उत्क्रांती नाकारते का? उत्क्रांती मानणारा नास्तिकच असतो का? आणि विज्ञान नेमके कुठे थांबते?

बोंडअळीने काय दाखवले?

भारतात २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. या कपाशीत एका जिवाणूचे जनुक टाकलेले असते. त्यामुळे झाडातच बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार होते. सुरुवातीची वर्षे चांगली गेली. पण लाखो अळ्यांमध्ये काही मोजक्या अळ्या जन्मतःच हे विष पचवणाऱ्या होत्या. बाकीच्या मेल्या, या उरल्या आणि पुढची पिढी यांचीच वाढत गेली. गुलाबी बोंडअळीच्या एका हंगामात अनेक पिढ्या होतात. काही वर्षांतच ती बीटीला दाद देईनाशी झाली आणि २०१७-१८ च्या हंगामात विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान झाले.

यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. बियाण्याच्या पिशवीसोबत पूर्वी वेगळे येणारे बिगर बीटी बियाणे शेताच्या कडेने लावा, असे सांगितले जात असे, त्यामागचे गणितही हेच होते. बिगर बीटी झाडांवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करतात आणि विष पचवण्याचा गुण लवकर पसरत नाही. अनेकांनी त्या ओळी लावल्याच नाहीत. म्हणजे उत्क्रांती समजणे हा परीक्षेतील पाच गुणांचा विषय नाही. तिच्यावर घरचा हंगाम अवलंबून असतो.

मग वाद कशाचा?

अळी बदलली, हे कट्टर निर्मितीवादीही नाकारत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की अळी शेवटी अळीच राहिली, तिचा पक्षी झाला नाही. देवाने प्रत्येक ‘जात’ वेगळी निर्माण केली आणि बदल होतो तो त्या जातीच्या आतच.

यावर शास्त्रज्ञांचे उत्तर काळाकडे बोट दाखवते. पंधरा वर्षांत अळी इतकी बदलत असेल, तर कोट्यवधी वर्षांत काय होईल? त्याचा पुरावा जीवाश्मांत आहे आणि सजीवांच्या डीएनएमध्येही आहे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘माणूस माकडापासून झाला’ असे विज्ञान म्हणत नाही. माणूस आणि आजची माकडे यांचे पूर्वज फार मागे एकच होते, असे ते म्हणते. त्यामुळे ‘मग आजची माकडे माणूस का होत नाहीत?’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

एवढा काळ खरेच होता का?

त्यासाठी यवतमाळबाहेर जायची गरज नाही. मुकुटबन परिसरातील ज्या चुनखडकावर सिमेंट उद्योग उभा आहे, तो डायनासोरच्याही कितीतरी आधीच्या समुद्रात साचला. वणीचा कोळसा म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचे अवशेष. काळी माती ज्या बेसाल्टपासून बनली, त्याचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरला. झरी जामणी तालुक्यातील शिबला भागात दिसणारे दगडी खांब हे असाच लाव्हा थंड होताना तडकून तयार झाले.

विदर्भाच्या खडकांचा अभ्यास सुरुवातीला ज्यांनी केला, त्यांत एक ख्रिस्ती मिशनरी होता. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. धर्मप्रचार आणि शाळा चालवता चालवता त्यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत जीवाश्म गोळा केले. त्यावरचा त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन त्याच वर्षी रिचर्ड ओवेन यांनी केले. ‘डायनासोर’ हा शब्द देणारे तेच ओवेन. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा चार वर्षे बाकी होती.

हिस्लॉप उत्क्रांतिवादी होते, असा याचा अर्थ नाही. पृथ्वी अतिप्राचीन आहे हे मानणे आणि उत्क्रांती मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र पृथ्वीचे वय सहा हजार वर्षे धरण्याचा आग्रह त्या काळच्या अनेक शिकलेल्या धर्मगुरूंनीही सोडला होता. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधील वंशावळींवरून सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४ असा काढला होता, ते बायबलचे वाक्य नव्हे. हिस्लॉप यांनी गोंड समाजातील लिंगोचे सृष्टिगीतही टिपून घेतले. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, ते प्रसिद्ध झाले.

चर्चची भूमिका काय?

एकच अशी भूमिका नाही.

कॅथलिक चर्चमध्ये पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चेला मोकळीक दिली, मात्र आत्मा देवच देतो, अशी अट घातली. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही केवळ कल्पना राहिलेली नाही, असे मान्य केले. देव म्हणजे जादूची कांडी घेतलेला जादूगार नव्हे, अशा आशयाचे विधान पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये केले.

प्रोटेस्टंट पंथांत मतभेद जास्त आहेत. काही गट सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहा दिवस मानतात. काही ‘दिवस’ म्हणजे दीर्घ युग समजतात. उत्क्रांती हीच देवाची निर्मितीची रीत, असे मानणारेही आहेत. मानवी जनुक प्रकल्पाचे नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स या तिसऱ्या गटातले. उत्क्रांतीशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ नाही, असे १९७३ मध्ये लिहिणारे थिओडोसियस डोबझान्स्की हेही श्रद्धावान ख्रिस्ती होते.

यवतमाळची प्रोटेस्टंट परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट मिशनचे काम इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. पांढरकवड्याजवळील उमरीचे मिशन रुग्णालय त्याच परंपरेतले. देशभरातील इव्हँजेलिकल पाळकांना घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळलाच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. बायबल हा अंतिम अधिकार, हा या परंपरेचा पाया. त्यामुळे ‘उत्पत्ति’ कसे वाचायचे, हा प्रश्न तिला टाळता येत नाही. हा प्रश्न डार्विननंतरचाही नाही. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी बजावले होते, की निसर्गाबद्दल ख्रिस्ती माणूस अज्ञानाने बोलला, तर जाणकार लोक त्याच्या धर्मग्रंथालाही हसतील.

श्रद्धेपुढचा खरा अवघड प्रश्न कोणता?

सहा दिवसांचा नव्हे, आदामाचा. मानवी जनुकांतील विविधता पाहता आपले पूर्वज कधीच फक्त एक जोडपे नव्हते, हजारोंच्या संख्येने होते, असे बहुतेक जनुकशास्त्रज्ञ मानतात. दुसरीकडे नव्या करारात आदामाचे पाप आणि ख्रिस्ताचे तारण यांची जोडी लावलेली आहे. आदाम ही एक व्यक्ती होती, समूहाचा प्रतिनिधी होता की मानवजातीचे प्रतीक, यावर ख्रिस्ती अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

दुसरा प्रश्न वेदनेचा. उत्क्रांतीत उपासमार, मृत्यू आणि असंख्य जातींचा नाश आहे. प्रेमळ देवाने हा मार्ग का निवडला असेल? नास्तिकांचा हा आक्षेप जोरदार आहे आणि श्रद्धावंतांनाही तो छळतो.

उत्क्रांती म्हणजे नास्तिकता का?

रिचर्ड डॉकिन्स यांच्यासारख्या नास्तिकांचे म्हणणे असे : सजीवांची गुंतागुंत हा देवाच्या बाजूचा मोठा पुरावा मानला जात होता. नैसर्गिक निवडीने तो काढून घेतला, मग देवाची गरज काय? युक्तिवाद वजनदार आहे. पण ‘या कारणासाठी देव लागत नाही’ आणि ‘देव नाही’ या दोन वाक्यांत अंतर आहे. ते अंतर कापायला तत्त्वज्ञान लागते, सूक्ष्मदर्शक पुरत नाही.

स्वतः डार्विनने १८७९ मधील एका पत्रात आपली मनोवस्था अज्ञेयवादी असल्याचे लिहिले. माणूस उत्कट आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो, हेही त्याने त्याच पत्रात मान्य केले. महाराष्ट्रातही नास्तिकता आणि विवेकवाद एकच मानला जात नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी देव-धर्माला सरसकट विरोध न करता शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध अशी भूमिका ठेवली होती.

विज्ञानाची मर्यादा कुठे?

मर्यादा दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची गल्लत झाली की वाद चिघळतो.

पहिली ‘अजून माहीत नाही’ अशी. पहिला सजीव कसा तयार झाला, याचे पूर्ण उत्तर आज नाही. पण तिथे देवाला बसवले, तर उत्तर सापडताच देवाला जागा सोडावी लागते. हा धोका ओळखला तो हेन्री ड्रमंड यांनी, म्हणजे हिस्लॉप यांच्याच फ्री चर्चमधील प्राध्यापकाने. ज्ञानातील फटी शोधून त्या देवाने भरणाऱ्यांना त्यांनी १८९४ मध्ये सुनावले होते.

दुसरी मर्यादा प्रश्नाच्या जातीची. बेंबळा धरणात किती पाणी मावते, भिंतीवर किती दाब येतो, हे अभियंता सांगेल. ते पाणी आधी कोणाच्या शेताला द्यावे, हे सूत्रातून निघत नाही. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात अनेक शेतकरी, शेतमजुरांचा जीव गेला. रसायन शरीरात काय करते, हे विज्ञान सांगते. त्या मजुराच्या जिवाचे मोल काय आणि जबाबदारी कोणाची, हे मात्र माणसांनाच ठरवावे लागते. हे काम फक्त धर्मच करतो असे नाही. नास्तिकही ते करतात, वेगळ्या पायावर उभे राहून.

वर्गात काय व्हावे?

उत्क्रांतीवरचा संशय फक्त ख्रिस्ती समाजातला नाही. २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला, तेव्हा देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी ते खोडून काढले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षकांनी निषेध नोंदवला. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे.

दहावीनंतर विज्ञान न घेणाऱ्यांसाठी तीच शेवटची संधी असते. त्यांतील काही पुढे कपाशी लावतील, काही कृषी केंद्र चालवतील. ‘एक तर देव, नाही तर डार्विन’ असे दरडावले, तर काही जण विज्ञानाकडे पाठ फिरवतात, काही घरच्यांपासून मन लपवू लागतात. शिक्षकाने पुरावा पूर्ण शिकवावा, पण त्यावरून देव नसल्याचा निकाल देऊ नये. पाळकाने किंवा पालकाने ‘उत्पत्ति’चा अर्थ सांगावा, पण बोंडअळी आणि खडकांचा पुरावा खोटा ठरवू नये. देव आहे की नाही, हे ठरवायला त्या मुलाकडे आयुष्य पडले आहे. बिगर बीटी बियाणे मात्र पेरणीच्या वेळीच जमिनीत पडावे लागते.